शिळ्या पावाची शेव

"मोहन घातल्याशिवाय चकली होत नाही, शेव होत नाही आणि तुमची ही जी काय भानगड आहे तीही होणार नाही," मी रेंझोला पुन्हा एकदा सांगितलं.

"नको वैनीसाब," परातीतून मान वर न करता तो म्हणाला. "गरम तेल घातलं की जीव जातोय त्यातला. रश्श्यात सोडली की सगळी सुटतीय बघा. नुसता चिखल."

आता काय बोलायचं? स्वयंपाकघर माझं, परात माझी, सोऱ्या माझा, आणि साठीचा इटालियन मला मोहनावर व्याख्यान देतोय. पिठात कडकडीत तेल घालून मग मळायचं, हे आमच्याकडच्या पोरींना बाराखडीच्या आधी कळतं. पण पाहुणा माणूस, शिवाय त्या दिवशीचा नवरदेव, म्हणून मी जिभेला आवर घातला. माझ्या जिभेला आवर घालणं सोपं नाही, आमच्या ह्यांना विचारा.

नवरदेव म्हणजे होऊ घातलेला. रेंझो मिरजेला आला तो सतार कशी करतात ते शिकायला. त्याच्या गावी तो गिटारी करायचा. बायको वारली, मुलं आपापल्या वाटेला लागली, तेव्हा हा पेटीत पटाश्या भरून निघाला तो थेट आमच्या अंगणापलीकडच्या खोलीत भाडेकरू म्हणून उतरला. दोन महिने राहणार होता. वर्ष होऊन गेलं तरी हलायचं नाव नाही. सतारीचा भोपळा कोरता कोरता कारखान्यातल्या कारागिरांकडून तो मराठी शिकला, त्यामुळे त्याची मराठी अस्सल मिरजेची होती, शिव्यांसकट. कुठली शिवी कुठे द्यायची नाही एवढं मात्र त्याला मला शिकवावं लागलं.

त्याचा मुक्काम लांबला तो काही भोपळ्यांमुळे नाही. तो लांबला माझ्या नणंदेमुळे, शालनमुळे. शालन हायस्कुलात गणित शिकवायची. पन्नाशी ओलांडलेली, काटक, कमी बोलणारी. मी अंथरलेली चादर पुन्हा एकदा ओढून सरळ करणारी बाई. तरुणपणी तिचं लग्न झालं होतं, वर्षभरात ती परत आली आणि त्यानंतर मी या घरात सून म्हणून आले. वन्सं परत का आल्या, असं मी ह्यांना नवी नवरी असताना विचारलं होतं. "तिला नांदायचंच नव्हतं," हे म्हणाले आणि विषय संपला. मला ते पटलंही. तिचा स्वभाव बघून मी मनातल्या मनात म्हटलं, सुटला बिचारा!

तर अशा शालनला रेंझोनं मागणी घातली. सरळ तिलाच विचारलं. तिनं "विचार करते" म्हणून सांगितलं आणि तो तिनं एवढा लांबवला की माझ्याच जिवाला घोर लागला. मला विचाराल तर तिनं हो म्हणावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि खोटं कशाला बोलू, त्यात तिचं कपाट मोकळं होईल हाही एक भाग होता. पण माणूसही मला आवडला होता. जेवल्यावर स्वतःचं ताट उचलून मोरीत ठेवणारा पुरुष मी तोवर पाहिलाच नव्हता.

आमच्या ह्यांचं म्हणणं एकच, लोक काय म्हणतील. शेवटी ह्यांनी मामांना बोलावणं धाडलं. मामा म्हणजे ह्यांचे मामा, ह्यांना आप्पा म्हणून हाक मारणारे, आमच्या घरातलं सुप्रीम कोर्ट. शालनचं पहिलं स्थळ त्यांनीच आणलेलं. तोंडात दात उरले होते चार, पण शब्द अजून चालत होता.

"पोराला बघून तर घिऊ," मामा म्हणाले. पोराच्या डोक्यावर मामांपेक्षा केस कमी होते.

तेव्हा शालननं तोंड उघडलं. "बघायचंच असेल तर रीतीनं बघू या. माझ्या वेळी मी पोहे घेऊन आले होते. आता त्यांनी त्यांच्या गावचं काहीतरी करून आणावं. जेवणं झाली की मी काय ते सांगेन. हो म्हटलं तर हो, नाही म्हटलं तर नाही. पुन्हा कुणी हा विषय काढायचा नाही."

हे ऐकून मामांचा फेटा हलला. पण बाईची जात तोंड उघडते कधी आणि उघडल्यावर ते बंद कसं करायचं, याचा मामांना अनुभव नव्हता. रविवार ठरला.

रेंझोनं पदार्थ निवडला तो पासातेल्ली. त्याच्याकडे म्हणे तो सणाला आणि लग्नाकार्याला करतात. मी विचारलं, काय असतं त्यात? तर शिळा पाव. मी म्हटलं, अरे देवा, लग्नात शिळा पाव! तो वाळवायचा, कुटायचा, त्यात चीज, अंडी, जायफळ घालून मळायचं, जाड शेव पाडायची आणि रश्श्यात उकडायची. म्हणजे शिळ्या पावाची शेव. हे खाऊन शालन हो म्हणणार असेल तर मग प्रेमच असलं पाहिजे.

पावाचाच पहिल्यांदा घोळ झाला. बेकरीतला स्लाइस पाव गोड निघाला आणि टोस्टमध्ये वेलदोडा. मग त्यानं कडक पाव आणून गच्चीवर वाळत घातले आणि कावळ्यांशी भांडत राखण केली. चीज त्याच्या बहिणीनं कुणाच्या तरी हातून धाडलेलं. डबा उघडला तेव्हा आमचे हे बाहेरून ओरडले, "अगं, कपाटामागं उंदीर मेलाय काय बघ!" जायफळ त्यानं किसलं, ते मी समजू शकते, बासुंदीत आम्हीही घालतो. पण त्यानं लिंबाची साल किसून पिठात घातली आणि लिंबू बाजूला ठेवून दिलं. तिथं मी हात टेकले.

रश्श्याच्या बाबतीत मात्र आमचं जुळलं. "हाडांचं पाणी पाहिजे, मसाला न्हाई, तिखट न्हाई," तो मला समजावत होता. मी म्हटलं, "अहो, अळणी म्हणा की सरळ!" आमच्याकडे मटण शिजवलं की मसाला पडायच्या आधी जे पाणी काढतात ते अळणी. आजाऱ्याला द्या, बाळंतिणीला द्या. मी त्याला वाटीत काढून दिलं. त्यानं एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

"वैनीसाब, ही माझ्या आईच्या हातची हाय," तो म्हणाला.

त्या एका वाक्यावर मी त्याला लिंबाची साल माफ केली.

पीठ मळून झालं, त्यानं गोळ्यावर ओलं फडकं टाकलं, "जरा निजू दे त्येला," म्हणाला आणि कपडे बदलायला अंगणापलीकडे गेला. मी पापड तळायला कढई ठेवली होती, ती मंद करून मामांना पाणी द्यायला बाहेर गेले. मामांच्या गुडघ्याची हकिकत ऐकल्याशिवाय तिथून सुटका नव्हती. परत आले तर शालन नळाखाली हात धूत होती.

"काही हवं होतं का, वन्सं?"

"नाही," ती म्हणाली आणि पदराला हात पुसत निघून गेली.

रेंझो आला तो रेशमी कुर्ता घालून. एरवी आला की बडबड सुरू करणारा माणूस, पण आता तोंडातून शब्द नाही. त्यानं फडकं उचललं. गोळा चांगला तुकतुकीत दिसत होता. त्यानं बोट लावलं, बोटाला तेल लागलं. ते बघून मला कोण आनंद झाला!

"ऐकलंत ना शेवटी? घातलंत ना मोहन?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. "हूं," म्हणाला. "चला, पाडू या."

अळणी पाण्याला बारीक उकळी होती. मी सोऱ्यात जाड भोकांची चकती घातली, त्यानं गोळा भरला आणि दांडा फिरवायला लागला. शेव छान पडत होती, एकसारखी, बोटभर लांब. शिजली की वर तरंगते, असं त्यानं सकाळी सांगितलं होतं. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. वर काहीच येईना. पाणी मात्र गढूळ झालं, मग पांढरट झालं, मग दाट झालं. मी पळी घालून ढवळलं तर शेवेचा मागमूस नाही. पातेलंभर आंबील झाली होती.

 "थांबा," मी म्हटलं, "मी पटकन पांढरा रस्सा करते. सांगू, तुमच्याकडे असाच करतात."

"न्हाई वैनीसाब. जे झालंय ते वाढायचं."

आणि त्यानं वाट्या भरल्या, ताटात मांडल्या आणि ते ताट दोन्ही हातांत धरून बाहेर गेला, अगदी मान खाली घालून, जसं आम्ही एकेकीनं पोह्यांचं नेलेलं असतं. एरवीचा दिवस असता तर मी हसून लोळले असते.

टेबलापाशी तिघं बसली होती, मामा, आमचे हे आणि शालन. सगळ्यांपुढे वाट्या आल्या. मामांनी चमच्यानं तळ ढवळला.

"शेव कुटं हाय?"

"आतच हाय, मामा," रेंझो म्हणाला. "दिसत न्हाई."

ह्यांनी एक चमचा तोंडात घातला आणि चमचा आपटला. रेंझोकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं ते माझ्याकडे.

"हे तुझं काम! सकाळपासून मोहन मोहन लावलं होतंस. तो बाप्या नको म्हणत होता ते बाहेर ऐकू येत होतं मला. घातलंसच ना शेवटी?"

"अहो, मी कुठं—"

"गप्प बस! चार माणसांत शोभा केलीस!" आणि ह्यांनी हाताच्या फटकाऱ्यानं वाटी ढकलली. ती कलंडली. गढूळ रस्सा टेबलभर पसरला आणि शालनच्या मांडीपर्यंत ओघळला.

शालन हलली नाही. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. मला वाटलं ती ह्यांच्याकडे बघतेय, पण ती बघत होती रेंझोच्या हातांकडे.

रेंझोनं खांद्यावरचा पंचा काढला, टेबल पुसलं, वाटी सरळ केली. मग म्हणाला, "वैनीसाबचा हात लागला न्हाई. मी घातलं तेल. माझं चुकलं. समद्यांचं जेवण घालवलं मी."

आमच्या घरात 'माझं चुकलं' हे दोन शब्द पुरुषाच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले.  रेंझो खुर्ची ओढून बसला, भाकरी घेतली, वाटीत कुस्करली आणि जेवायला लागला. ते बघून मामांनीही भाकरी कुस्करली.

"झ्याक लागतंय की रं," मामा म्हणाले. "चावायचं कामच न्हाई. सूनबाई, आन की आनखी."

रेंझोनं वाटी संपवली, उचलली आणि शालनला म्हणाला, "बाई, आज काई सांगायला पाहिजे असं न्हाई." आणि अंगण ओलांडून आपल्या खोलीत गेला.

शालन मागच्या मोरीवर पातळाचा ओला काठ पिळत होती. मी तिच्यामागं गेले ते माझ्या जिवाला चैन नव्हतं म्हणून.

"वन्सं, त्यांच्यावर राग धरू नका. दोष माझाच आहे. मीच सारखी मोहन घाला म्हणून मागं लागले, म्हणून घातलं बिचाऱ्यांनी. एवढ्यावरून नाही म्हणू नका."

"त्यांनी नाही घातलं, वहिनी. मी घातलं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तुमच्या कढईतलं. तेलानं सगळं सुटतं, असं ते तुम्हाला सांगत होते ना, ते मी ऐकलं होतं."

"अहो पण का?"

तिनं काठ सोडला आणि तो झटकला. मग भांगाजवळचे केस बोटांनी बाजूला केले. तिथं बोटभर जागेत केस नव्हते. पंचवीस वर्षं एका घरात राहून मी ते कधी पाहिलं नव्हतं.

"सासरी एकदा आमटी खारट झाली होती," ती म्हणाली. "चार माणसं जेवायला होती. त्यांच्यासमोर त्यानं ताट फेकलं. पितळी होतं. त्याच्या आधीही फेकलेली होती, पण त्या दिवशी दादा मला भेटायला आला होता. ते ताट दादानंच उचललं आणि तिथूनच मला घरी घेऊन आला. बाहेर काय सांगायचं ते मामांनी ठरवलं."

"आणि मला इतकी वर्षं सांगितलं की तुम्हाला नांदायचं नव्हतं!"

"ते खरंच होतं. नव्हतंच नांदायचं."

मला रडू आलं आणि भयंकर रागही आला. तिच्या त्या नवऱ्याचा, मामांचा, आमच्या ह्यांचा आणि 'सुटला बिचारा' म्हणणाऱ्या माझाही.

"गोड बोलायला सगळ्यांनाच येतं, वहिनी. लग्नाआधी तोही गोड बोलायचा. चार माणसांत फजिती झाली की माणूस काय करतो, एवढंच मला बघायचं होतं. तशी वेळ आपोआप येईपर्यंत थांबायचं माझं वय नाही. म्हणून आणली."

"मग मला आधी सांगायचं तरी! बोलणी मी खाल्ली."

तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "दादा असा करेल असं वाटलं नव्हतं. त्यानं ते ताट उचललं होतं ना."

मी डोळे पुसले आणि विचारलं, "मग ठरलं का तुमचं?"

"ठरलं."

"मग जा की सांगायला!"

"पातळ तरी बदलू द्या," शालन म्हणाली. कुठल्याही प्रसंगी ही बाई आधी घडी बसवणार!

ती आत गेली आणि माझी नजर अंगणापलीकडे गेली. रेंझोचं दार उघडं होतं आणि उंबऱ्याशी त्याची पेटी. मी धावले. पन्नाशीत धावायची सवय राहत नाही, पण धावले. तो एकेक पटाशी फडक्यात गुंडाळून पेटीत रचत होता.

"हे काय चाललंय?"

"वैनीसाब, ही खिडकी बघा." त्याच्या खिडकीतून माझा ओटा स्वच्छ दिसत होता. "कुर्ता घालत हुतो. बाईंनी तेल घातलेलं दिसलं मला. त्यानं काय हुतंय ते त्यांना ठावं हुतं. म्हंजे मी नको हाय. तोंडानं म्हणायला जड जातंय, म्हणून तसं सांगितलं."

"आणि असं वाटत असताना तुम्ही उठून सांगितलंत, मी घातलं म्हणून?"

"मग? चार माणसांत बाईंचं नाव सांगू? न्हाई म्हणायचा हक हाय त्यांना."

मी तशीच उंबऱ्यावर बसले. आयुष्यात मी पुष्कळ येडी माणसं पाहिली, एकाशी तर लग्नही केलं, पण इतका येडा माणूस पाहिला नव्हता. ते त्याला सांगितलंही. मग त्याचा दंड धरला आणि ओढत घेऊन निघाले. हातातली पटाशी खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही.

बाहेरच्या खोलीत मामांची दुसरी वाटी चालली होती. हे पंख्याकडे बघत बसले होते. शालन नेसून आली होती. आम्हाला दारात बघून ती उभी राहिली, वर्गात राहते तशी.

"दादा, तेल मी घातलं. वहिनींनी नाही आणि ह्यांनीही नाही."

"तू? आणि कशापायी?"

"कशापायी ते तुला माहीत आहे. मामांनाही आहे."

मामांचा चमचा वाटीतच राहिला.  शालन तशीच पुढे म्हणाली, "उद्या ते पुन्हा करतील. मी पिठाला हात लावणार नाही. आणि नोंदणी कचेरीत माझ्याकडून साक्षीला तू यायचंस. येशील ना?"

रेंझो पटाशीसकट खाली जमिनीवरच बसला. त्याला हसू येत होतं की रडू ते कळत नव्हतं. बहुतेक दोन्ही.

हे टेबलाकडे बघत होते, रस्सा सांडला होता तिथं. टेबल केव्हाच पुसून झालं होतं.

"येईन," हे म्हणाले. मग टेबलावरून हात फिरवला. "माझं चुकलं."

"दादा," खालून रेंझो म्हणाला, "टेबलाला काय सांगताय? वैनीसाब हिकडं हायत."

आणि देवाशपथ सांगते, आमच्या ह्यांनी मान वळवली. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझं चुकलं."

"मामांना ऐकू आलं नसेल," मी म्हटलं.

मामांचे कान चांगले शाबूत होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा शालनकडे पाहिलं आणि वाटी खाली ठेवली.

"व्हय," मामा म्हणाले. "न्हाई आलं. परत म्हण, आप्पा. आन ते झालं की मला बी म्हणायचं हाय."